चोपन्न नंबरची ॲडमिशन

मी अकरा वर्षं कॉलेज फुटबॉलमध्ये होते, असं सांगितलं की मंडळातली नवी मुलं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. त्याला फार वेळ लागत नाही, कारण माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. गेल्या संक्रांतीला इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, म्हणजे तुम्ही चीअरलीडर होतात?" तिच्या सासूबाईंनी डोळे मोठे केले. माझे मात्र पुढचे दोन दिवस फार मजेत गेले.

खरं सांगायचं तर मी युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसात होते. कोणाला कुठल्या वर्गात जागा द्यायची, डिग्रीला लागणारे कोणाचे क्रेडिट्स किती झाले, कोणाच्या मार्कलिस्टवर काय लिहिलंय आणि ते खरं आहे का, हे बघायचं काम. मी मूळची कराडची. लग्नाआधी तिथल्या एका मुलींच्या शाळेत कारकून होते. गावोगावच्या शाळांमधून आलेले दाखले शिक्क्याच्या शाईवरून खरे की खोटे ते ओळखायचे. आमचे हे कीटकशास्त्रातले. त्यांना मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, आणि चारी बाजूंनी मका असलेल्या एका गावात आम्ही जाऊन पडलो. मक्यावरच्या किडी हाच ह्यांचा विषय असल्यामुळे ते खुशीत होते. मी आपली ऑफिसात चिकटले. दाखल्यांच्या बाबतीत कराड आणि अमेरिका यांत काही फरक नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

आता यात फुटबॉल कुठून आला? तर तिकडे युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम म्हणजे गावाचं ग्रामदैवत. शनिवारी सामना असला की गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं स्टेडियममध्ये बसतात. आणि हा फुटबॉल आपला नव्हे. यात पाय चेंडूला क्वचित लागतो. एका बाजूनं चेंडू घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि दुसऱ्या बाजूनं चेंडूवाल्याला धरून आपटायचं. एवढं समजलं तरी पुष्कळ आहे. मी अकरा वर्षांत याहून जास्त शिकले नाही.

टीमला खेळाडू लागतात. ते हायस्कुलातून शोधून आणायला कोच लोक गावोगाव हिंडतात. उत्तम खेळणाऱ्या मुलांचे मार्क उत्तम असतातच असं नाही, आणि काहींच्या फायलीत मार्कांपेक्षा वाईट गोष्टीही असतात. अशा मुलांना नेहमीच्या नियमांनी ॲडमिशन मिळत नसे. त्यांच्यासाठी पाच जणांची एक कमिटी होती. अध्यक्ष डीन व्हिटकर, इतिहासाचे प्रोफेसर लिंडक्विस्ट, एक गणिताचे प्रोफेसर, एक समुपदेशक बाई, आणि रजिस्ट्रार ऑफिसतर्फे मी. पाच जणांचं मत घ्यायचं आणि मुलगा आत किंवा बाहेर.

कमिटीपुढे फायली घेऊन यायचा असिस्टंट कोच बक. बक म्हणजे उंचापुरा, लाल मानेचा, सदा हसतमुख माणूस. तंबाखू गालात ठेवायचा आणि कागदी कपात थुंकायचा, त्यामुळे मला तो पहिल्या दिवसापासून गावाकडचा वाटला. त्याला माझं 'साळुंखे' हे आडनाव म्हणता येईना. सॅलन, सुलूकी असे प्रयोग करून झाल्यावर त्यानं मला 'मिस सॅली' करून टाकलं. मग सगळं ऑफिसच मला तसं म्हणायला लागलं. ह्यांनीही घरी एकदा तशी हाक मारून बघितली. एकदाच.

बकच्या फायली वाचणं हा माझ्या नोकरीतला सर्वांत करमणुकीचा भाग होता. एका मुलाला फक्त दोन विषयांत ए होता, त्यातला एक स्वयंपाक आणि दुसरा जिम्नॅशियमची झाडलोट. एका मार्कलिस्टवरच्या शिक्क्यात 'हायस्कूल' या शब्दाचंच स्पेलिंग चुकलेलं होतं. मी भिंगातून बघितलं आणि फाइल बककडे सरकवली.

"हा शिक्का खोटा आहे," मी म्हणाले.

बकनं भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मिस सॅली, तुम्ही ती शाळा बघितलेली नाही. तिथलं स्पेलिंग असंच असेल."

फोन करून विचारलं तर शिक्का खरा निघाला. शाळेनं तो तसाच करून घेतला होता आणि सहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून बक आणि मी एकमेकांना जरा मान देऊ लागलो.

पण ज्या फायलीबद्दल मला लिहायचंय, ती हसण्यासारखी नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मुलाचं नाव डेरिल. आमच्या गावापासून दोन तासांवरच्या एका कारखान्याच्या गावातला. लाइनबॅकर, म्हणजे चेंडूवाल्याला आपटणाऱ्यांपैकी. बकच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षांतून एकदा सापडणारा. पण अकरावीत असताना शाळेच्या कॅन्टीनमध्ये त्यानं एका मुलाला ठोसा मारून त्याचा जबडा मोडला होता. भांडण वगैरे काही नव्हतं. डेरिल दुसऱ्याच कोणावर तरी चिडलेला होता, हा मुलगा ट्रे घेऊन समोरून चालला होता, त्याचा धक्का लागला, एवढंच. डेरिल सहा महिने सुधारगृहात राहून आला होता. शाळेच्या पत्रात हे सगळं स्पष्ट लिहिलं होतं, आणि मार खाणारा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, असंही होतं.

मीटिंगमध्ये प्रोफेसर लिंडक्विस्ट म्हणाले, "आपण युनिव्हर्सिटी चालवतो की सर्कस? वाघ आणायचे आणि मग पिंजऱ्याची काळजी करायची." गणिताचे प्रोफेसर त्यांच्या बाजूनं.

समुपदेशक बाई म्हणाल्या, "सतरा वर्षांच्या मुलानं एकदा चूक केली, शिक्षा भोगली. आता दार कायमचं लावायचं का?" डीनसाहेब त्यांच्या बाजूनं, कारण त्यांचं ऑफिस स्टेडियमच्या समोर होतं.

दोन आणि दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बक तर कप तोंडाशी धरून थांबला.

मी म्हणाले, "मला एक आठवडा द्या."

कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. त्याच आठवड्यात नेहमीच्या अर्जांमध्ये एक फाइल माझ्या टेबलावर आली होती. मार्क उत्तम, तीच शाळा, तेच गाव. नाव एलियट. अर्जासोबत मुलांना एक निबंध लिहावा लागतो. एलियटनं लिहिलं होतं की तो ट्रम्पेट वाजवायचा, पण जबड्याला इजा झाल्यापासून ओठ नीट बसत नाहीत, म्हणून तो झांजा वाजवायला शिकला. झांजांना लोक सोपं समजतात, पण सबंध गाण्यात तीनदाच वाजवायचं असेल तर बाकीचा वेळ मोजत उभं राहणं फार अवघड असतं, असं त्यानं लिहिलं होतं. कोणी मारलं, का मारलं, यावर एक ओळ नाही. आमच्या मार्चिंग बँडमध्ये यायची त्याची इच्छा होती.

मार्चिंग बँड म्हणजे सामन्यात वाजवणारा बँड. आमच्या टीमनं कोणाला आपटलं की बँड उठून वाजवणार. म्हणजे डेरिल आपटणार आणि एलियट झांज वाजवणार.

एका मुलाची गोष्ट दुसऱ्याच्या फायलीत आणायची नाही, असा आमचा कडक नियम होता. मी डीनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "समजा, एखाद्या क्लार्कला दोन फायलींमधलं काहीतरी कळलं, तर तिनं काय करावं?"

डीनसाहेबांनी चष्मा काढला. "समजा, ती क्लार्क तुमच्यासारखी असेल," ते म्हणाले, "तर मला काहीच ऐकू आलेलं नाही." आणि खरोखरच खिडकीबाहेर बघायला लागले.

एलियट बँडच्या ऑडिशनला आला तेव्हा मी त्याला कागदपत्रांच्या निमित्तानं ऑफिसात बोलावलं. काडीसारखा मुलगा. बोलताना तोंड जरा डावीकडे जायचं. मी दार लावलं आणि त्याला सांगितलं, की डेरिलचा अर्ज आला आहे.

त्यानं हातातले कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "मी नको म्हटलं तर तो येणार नाही का?"

"माझं पाचांतलं एक मत आहे," मी म्हणाले. "पण ते शेवटचं आहे."

"मग ते माझ्यावर का टाकताय, मॅडम?"

मी चाळीस वर्षांची बाई, आणि तो अठरा वर्षांचा मुलगा मला बरोबर प्रश्न विचारत होता. विचारलं नसतं तर चूक होती, आणि विचारलं तेही बरोबर वाटेना. शेवटी मी म्हणाले, "तू हो किंवा नाही म्हणू नकोस. तो आला तर तुला काय नको, तेवढं सांग."

त्यानं विचार केला. "तो ठोसा बाजूनं आला. मला दिसलाच नाही. अजून पाठीमागे कोणी उभं राहिलं तर मला चालत नाही. तो माझ्या मागे बसायला नको. बाकी काही नाही."

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "तो अजून तितकाच चांगला खेळतो का?"

"कोच म्हणतात, त्याहून चांगला."

"हं," तो म्हणाला आणि गेला.

मी 'हो' मत दिलं. प्रोफेसर लिंडक्विस्टनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पिंजऱ्याचं दार उघडलं. बक मला मिठी मारायला आला, पण माझ्या उंचीमुळे नेम चुकला.

आता पुढच्या भागाबद्दल मला तेव्हा फार अभिमान होता. त्या काळी वर्गांची नोंदणी जिम्नॅशियममध्ये व्हायची. लांबच लांब टेबलं, प्रत्येक वर्गाच्या नावाची खोकी, आणि खोक्यात जागा तितकी पंच कार्डं. मुलानं कार्ड उचललं की जागा त्याची. कार्डं संपली की वर्ग भरला. आणि ती खोकी सकाळी भरून ठेवायचं काम माझं. म्हणजे कोण कुठे बसणार हे, म्हटलं तर देवाच्या हातात आणि म्हटलं तर माझ्या.

मी एक आलेखाचा कागद घेतला. डेरिल लाल पेन्सिलीनं, एलियट निळ्या. एलियट म्हणाला होता, मागे बसायला नको. मी ठरवलं, एका वर्गात नको. मग ठरवलं, एका इमारतीतही नको. मग एका वेळी एका रस्त्यावरसुद्धा नको. डेरिलला सकाळी आठचं इंग्रजी, तर एलियटला अकराचं. डेरिल जीवशास्त्राला उत्तरेकडे, तेव्हा एलियट संगीताला दक्षिणेकडे. काही कार्डं मी आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवायची आणि मुलांना गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "सॉरी, तो वर्ग भरला." घरी जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरलेला बघून ह्यांनी विचारलं, "हे काय, पत्रिका जुळवतेस?"

"न जुळण्यासाठी बघतेय," मी म्हणाले.

डेरिल पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा दारातून आत येताना त्याला थोडं तिरकं व्हावं लागलं. बक सोबत होता. मी खुर्चीवर दोन डिक्शनऱ्या ठेवून बसले होते, तरी त्याचा चेहरा वरच राहिला. मी त्याला अटी वाचून दाखवल्या. वर्ग बुडवायचे नाहीत. मारामारी केली तर दुसऱ्या दिवशी बाहेर. आणि एलियट नावाचा विद्यार्थी इथे आहे, त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही.

"येस मॅम," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तो बरा आहे का?"

"ते विचारायचं नाही."

"येस मॅम."

त्या सीझनचा पहिला सामना बघायला मी ह्यांना घेऊन गेले. दुर्बीण नेली होती. डेरिलचा नंबर चोपन्न. दुसऱ्या टीमचा चेंडू फेकणारा मागे सरकला, आणि चोपन्न नंबर कुठून आला कोणास ठाऊक, त्याला उचलून असा खाली घातला की आमच्या ओळीतले सगळे उठून उभे राहिले. मी दुर्बीण बँडकडे वळवली. ट्रम्पेट सुरू झाले, ढोल सुरू झाले. एलियट झांजा छातीशी धरून मैदानाकडे बघत होता. अर्धा ठोका उशीर झाला. मग त्यानं वाजवल्या.

"अगं, सामना तिकडे चाललाय," हे म्हणाले.

"माझा इकडे चाललाय," मी म्हणाले.

डेरिल काही एका रात्रीत साधू झाला नाही. पहिल्याच वर्षी त्यानं हॉस्टेलमधल्या कोकच्या मशीनला ठोसा घातला. बक मला पटवायला आला, की बाटली अडकली तर कोणालाही राग येईल. मी म्हणाले, "मशीनचा जबडा मोडला नाही हे नशीब समजा." दोन सामने त्याला बाकावर बसवलं. इंग्रजीत तो एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा जेमतेम सुटला. प्रोफेसर लिंडक्विस्ट मला व्हरांड्यात भेटले की विचारायचे, "वाघ कसा आहे?" पण माणसावर त्यानं पुन्हा हात उचलला नाही. आणि एलियटच्या वाटेला गेला नाही. एकदा माझी चूक झाली, दोघांचे वर्ग लायब्ररीसमोर एकाच वेळी सुटले. तेव्हा एवढा थोरला माणूस कोपऱ्यावरून मागे वळून पार्किंग लॉटला वळसा घालून गेला, हे मी खिडकीतून बघितलं. मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो एकटाच माझ्या खिडकीशी आला. हातात एक पाकीट. वर एलियटचं नाव, मोठ्या अक्षरांत.

"मॅम, हे त्याला द्याल का? बोलायचं नाही म्हणालात, म्हणून लिहिलंय."

मी नियमांची बाई. मला वाटलं, आज पत्र, उद्या भेट, परवा कॅन्टीन. मी इतक्या मेहनतीनं आखलेल्या कागदाला पहिलं भोक. मी म्हणाले, "डेरिल, अट म्हणजे अट."

त्यानं पाकिटाकडे बघितलं, ते मधोमध घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "येस मॅम." मी पुढच्या मुलाला हाक मारली.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या टर्मला एलियट ॲड-ड्रॉपचा फॉर्म घेऊन आला. ॲड-ड्रॉप म्हणजे एक वर्ग सोडून दुसरा घेणं. त्याला पब्लिक स्पीकिंगचा वर्ग हवा होता. चौघांसमोर उभं राहून बोलायला शिकवणारा हा विषय सगळ्यांना सक्तीचा. त्या टर्मला त्याचा एकच वर्ग होता, आणि त्यात डेरिल होता.

"तो वर्ग भरलाय," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

"मॅडम, त्यात नऊ जागा शिल्लक आहेत. मी मोजून आलोय."

"पुढच्या टर्मला घे."

"पुढच्या टर्मला मी शाळेत शिकवण्याच्या ट्रेनिंगला जाणार. आणि तो त्यात आहे, हे मला माहीत आहे." तो जरा हसला, डावीकडे. "तुम्ही तीन वर्षं काय करताय तेही माहीत आहे. मला पियानोचा क्लास मिळाला नाही, जॅझचा मिळाला नाही. आमच्या बँडमध्ये म्हणतात की एलियटवर रजिस्ट्रार ऑफिसचा राग आहे."

"तूच म्हणाला होतास," मी म्हणाले.

"मी म्हणालो होतो, मागे नको. पुढे बसू दे की."

इतकं सोपं होतं. मी फॉर्मवर सही केली. डेरिलला बोलावून सांगितलं, या वर्गात पहिल्या रांगेत बसायचं, का ते विचारायचं नाही. आठ दिवसांनी त्या वर्गाच्या शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. "तो महाकाय मुलगा अगदी पुढे बसतो. मागच्या तीन रांगांना फळा दिसत नाही. आणि मागे जा म्हटलं तर म्हणतो, मिस सॅलीनं सांगितलंय. ही मिस सॅली कोण?"

टर्म संपताना एलियट पुन्हा आला. या वेळी हातात फॉर्म नव्हता. खिडकीशी उभा न राहता सरळ आत आला.

"डेरिल माझ्याशी बोलला," तो म्हणाला. "शेवटच्या वर्गानंतर, व्हरांड्यात. म्हणाला, सॉरी. मी म्हणालो, ऐकलं."

"एवढंच?"

"म्हणाला, हे मागच्या वर्षीच लिहून दिलं होतं, पण रजिस्ट्रारच्या बाईंनी घेतलं नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही का नाही घेतलंत, मॅडम?"

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मला विचारायचं होतं. पहिल्यांदा विचारलं होतंत ना?"

मी सॉरी म्हणाले. मराठी माणसाच्या तोंडून हा शब्द उठता-बसता येतो, पण त्या दिवशी तो मला जड गेला. एलियट मान हलवून म्हणाला, "ऐकलं."

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "तू त्याला माफ केलंस का?"

"नाही," तो म्हणाला. "मला ट्रम्पेट वाजवायचं होतं. पण आता तो कुठे उभा आहे, ते मी सारखं बघत नाही. मैदानावर बघायचो, म्हणून झांजेला उशीर व्हायचा. बँडमास्तरांना वाटायचं की माझा हिशोब कच्चा आहे." आणि या वेळी तो नीट हसला.

एलियट पुढे एका हायस्कुलात संगीताचा शिक्षक झाला. डेरिलचं तितकं सरळ झालं नाही. डिग्रीला नऊ क्रेडिट्स कमी असताना तो व्यावसायिक टीमच्या उन्हाळी कॅम्पला गेला आणि तिथे गुडघा दुखावून परत आला. परत म्हणजे गावी, आमच्याकडे नाही. मी दर टर्मला त्याला पत्र टाकायची की तुझे नऊ क्रेडिट्स अजून ठेवलेत. त्यातले सहा त्यानं टपालानं अभ्यास करून पुरे केले. तीन राहिले ते राहिलेच. युनिव्हर्सिटीला त्याच्यामुळे चार वर्षं भरलेलं स्टेडियम मिळालं आणि त्याला तीन क्रेडिट्स कमी मिळाले, हे मला अजून टोचतं. त्याला घ्यायला हवं होतं का, असं लोक विचारतात. हो. पण घेतल्यावर आम्ही त्याला शनिवारी जेवढं बघितलं, तेवढं सोमवारी बघितलं नाही.

दरम्यान मी एक उद्योग केला होता. कमिटीच्या फॉर्मवर खाली थोडी जागा रिकामी असायची. तिथे मी टाइप करून एक ओळ वाढवली. 'या प्रकारात कोणाला इजा झाली, आणि त्यांच्याशी कोण बोललं?' डीनसाहेबांना ती छापूनच आली असं वाटलं. बकला वाटलं नाही.

"मिस सॅली, मी मुलं आणायला जातो. लोकांच्या घरी जाऊन शिव्या खायला नाही."

"मग ओळ रिकामी सोडा," मी म्हणाले. "मी मत देताना तीच वाचेन."

एक-दोन वर्षं त्यानं तिथे काहीबाही भरलं. मग एका फेब्रुवारीत तो मीटिंगला आला तो पँटचा एक पाय गुडघ्यापासून फाटलेला. हातातली फाइल त्यानं टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. मी ती आधीच वाचली होती. चेंडू घेऊन पळणारा मुलगा, चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत. मार्कसुद्धा बरे. त्यानं मैत्रिणीचा हात मोडला होता, पण शाळेच्या पत्रात 'मुलांमधला गैरसमज' असं लिहिलं होतं, खाली तीन शिक्षकांच्या शिफारशी होत्या. खरं सांगते, कागदावर बघून मी 'हो' म्हणणार होते.

"हा मी परत नेतो," बक म्हणाला.

प्रोफेसर लिंडक्विस्टच्या हातातलं पेन थांबलं. इतक्या वर्षांत बकनं कुठलीही फाइल परत नेलेली नव्हती.

"मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो," बक म्हणाला. "तिच्या वडिलांनी कुत्रा सोडला. म्हणून ही पँट. मग कुत्रा आवरला आणि आत घेतलं. मुलगी बोलली. तो गैरसमज नव्हता, आणि ती पहिली मुलगीही नव्हती. त्या मुलाला मी विचारलं, तर तो हसला." त्यानं कपात थुंकायचंसुद्धा टाळलं. "डेरिल कधी हसला नव्हता."

कोणी मत मागितलं नाही. डीनसाहेबांनी पुढचा विषय घेतला.

तो मुलगा शेजारच्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीनं लगेच उचलला. पुढच्याच हंगामात तो आमच्याच मैदानावर आला आणि आमच्यावर तीन टचडाउन केले. म्हणजे तीनदा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेला, आणि आमच्या कोणाला तो धरता आला नाही. गावात दोन दिवस सुतक होतं. ब्रेड आणायला गेले तर दुकानदारसुद्धा बोलेना.

सोमवारी सकाळी बक माझ्या खिडकीशी आला. त्यानं तीन बोटं वर केली.

"बघितलं मी," मी म्हणाले.

"हेड कोच माझ्याशी बोलत नाही. बायकोचा भाऊ बोलत नाही." तो खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला. "काल त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. त्यांनी सामना टीव्हीवर बघितला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुत्र्याबद्दल सॉरी."